वेशीपासून उंबऱ्याआत : जुन्नर-आंबेगावातील राखणीचा कुत्रा आणि कुरतडलेली चौकट

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कुत्रा कडी लावलेल्या दारामागे राहू लागला, ही गोष्ट फार जुनी नाही. आणि घरात एकटा ठेवलेला कुत्रा दाराची चौकट, चपला, गोधड्या, गादीचा कापूस आणि विजेच्या वायरी कुरतडून टाकतो ही तक्रार तर त्याहूनही अलीकडची आहे. या कुरतडण्याकडे सहसा कुत्र्याची खोड म्हणून पाहिले जाते, आणि शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहते या जुन्या म्हणीच्या आधारे ती खोड मोडायची तरी मारून किंवा बांधून, असा समज रूढ आहे. परंतु या दोन तालुक्यांत घर, शेत आणि कुत्रा यांचे परस्परसंबंध गेल्या दोनशे वर्षांत कसे बदलत गेले हे क्रमाने पाहिले, तर कुत्र्याचा स्वभाव होता तसाच राहिला आणि त्याच्या भोवतीचे घर तेवढे रिकामे होत गेले, असे दिसते. कुरतडणे थांबवण्याचे जे उपाय खरोखर लागू पडतात त्यांचे मर्मही याच बदलात सापडते.

दख्खनच्या कुत्र्यांचे पद्धतशीर वर्णन करणाऱ्या आरंभीच्या लेखकांत ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याचे नाव महत्त्वाचे आहे. पेशवाई संपल्यानंतर काही वर्षांनी, १८२४ मध्ये, मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी पाहणी करण्याच्या कामावर नेमले, आणि जमीनधारा, पिके व लोकसंख्या यांच्या नोंदींबरोबरच त्याने या मुलखातील पशुपक्ष्यांच्याही नोंदी ठेवल्या. १८३१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सस्तन प्राण्यांच्या यादीत घाटमाथ्याच्या रानातील कोळसून, म्हणजे टोळीने शिकार करणारा तांबडा रानकुत्रा, शास्त्रीय नावानिशी वर्णिलेला आहे आणि त्या नावात त्याने दख्खनचेच नाव गोवले आहे. त्याच यादीत माणसाजवळच्या कुत्र्यांचेही प्रकार दिले आहेत. बलाने आणि आकाराने पहिला म्हणून तो बंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर हिंडणारा, इराणी शिकारी कुत्र्याची आठवण करून देणारा कुत्रा सांगतो. त्यानंतर गावोगाव दिसणारा साधा गावठी कुत्रा येतो. आणि मग त्याच गावठी कुत्र्याचा एक लहानखुरा, पांढऱ्या रेशमी केसांचा, लाडाने पाळलेला प्रकार येतो, ज्याला तोंडात मशाल किंवा कंदील धरून चालायला शिकवले जात असे. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण तोंडात काही तरी धरण्याची आणि दातांत खेळवण्याची कुत्र्याची उपजत ओढ तेव्हा कोणी दाबून टाकली नव्हती, तिला काम लावून दिले होते.

गावठी कुत्र्याविषयी साइक्सने जे नोंदवले ते या विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. हे कुत्रे संख्येने फार आहेत, ते कोणा एकाच्या मालकीचे नाहीत आणि गावात व शहरात त्यांची पैदास बिनअडथळा होते, असे तो सांगतो. युरोपात वाढलेल्या माणसाला मालक नसलेला कुत्रा हा बेवारशी वाटावा हे स्वाभाविक होते, परंतु गावगाड्यात, म्हणजे बलुतेदार व शेतकरी यांच्या परस्परावलंबी ग्रामव्यवस्थेत, मालक नसणे आणि कोणी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. कुत्रा आळीचा असे. चार घरांपुढे तुकडा मिळत असे, त्या चारही घरांच्या राखणीचे भुंकणे त्याच्याकडे असे, आणि गावाबाहेरचा माणूस वेशीतून आत आला की वेसकराच्या आधी कुत्र्याला त्याची वर्दी लागे. मराठी बोलीत कुत्र्याला जवळ बोलावण्याचा ‘यू यू’ आणि दूर लोटण्याचा ‘हाड’ हे दोन शब्द आजही घरोघरी ऐकू येतात. त्या काळच्या कुत्र्याचे सगळे आयुष्य या दोन शब्दांमधल्या अंतरात, म्हणजे अंगणात, जात असे. उंबरा हा त्याच्या वावराचा शेवट होता. तो आत आला तर ‘हाड’ होई, पण बाहेर राहूनही तो घरापासून तुटलेला नसे.

या बाहेरच्या जागेला धर्माचरणातही आधार होता. वैश्वदेवाच्या विधीत, म्हणजे जेवणाआधी अन्नाचा वाटा देवता व भूतमात्रांना देण्याच्या नित्यकर्मात, कुत्र्याचा वाटा घराबाहेर ठेवण्याची पद्धत आहे, आणि श्राद्धपक्षातही गाय व कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचा घास काढला जातो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. जुन्नर तालुक्यात धामणखेलला खंडोबाचे जुने देवस्थान आहे, आणि खंडोबाच्या परंपरेत कुत्रा देवाचा सोबती आहे. देवाला वाहिलेले वाघ्ये हे देवाचे कुत्रे मानले जात, आणि कोटंब्यातले, म्हणजे भिक्षेच्या लाकडी पात्रातले अन्न कुत्र्याप्रमाणे थेट तोंडाने खाण्याचा आचारही त्यांच्यात होता. धनगरांच्या दैवतांचा आयुष्यभर अभ्यास करणारे जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, मेंढपाळ आणि कुत्रा या तिघांमधला हा संबंध आपल्या लेखनात आग्रहाने मांडला आहे. ज्या जुन्नर तालुक्यात आळे येथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आजही पूजली जाते, तेथे जनावराकडे केवळ उपयोगाच्या नजरेने पाहिले जात नव्हते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कुत्र्याच्या कामाचे सर्वांत स्पष्ट रूप धनगरी वाड्यात दिसते. येथे वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. मेंढपाळ कुटुंबांचा बिऱ्हाडासह हिंडणारा तळ, असा त्याचा अर्थ आहे. जुन्नरचा पूर्व भाग आणि लगतचे पारनेर व संगमनेर हे तालुके कमी पावसाचे, माळरानाचे आणि म्हणून मेंढ्यांचे. तेथून पावसाळ्यानंतर कळप चराईसाठी निघत, कोणी घाट उतरून कोकणात जात, आणि वाटेत शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढ्या बसवून लेंडीखताच्या बदल्यात धान्य घेत. रात्री मेंढ्या वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळ्याच्या कुंपणात, कोंडल्या जात आणि कुत्री वाघरीबाहेर पडून राहत. लांडगा किंवा बिबट्या मानेला धरतो म्हणून त्यांच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा लोखंडी पट्टा अडकवण्याची चाल होती. दिवसा मैलोन्‌मैल चालणे, रात्री जागणे, मेलेल्या जनावराचे हाड चघळत बसणे आणि चहूबाजूंना आपली माणसे, आपली जनावरे व आपलीच इतर कुत्री असणे, असा या कुत्र्याचा दिनक्रम होता. एकटेपणाचा क्षण त्यात कोठे येत नव्हता.

पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात, भीमाशंकर ते नाणेघाट या डोंगररांगेच्या पायथ्याला, महादेव कोळी आणि ठाकर समाजांची वस्ती आहे. तेथे कुत्रा गुराख्याबरोबर रानात जाई. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या आश्विन वद्य द्वादशीला, जिला अन्यत्र वसुबारस म्हणतात, या भागात वाघबारस पाळली जाते आणि गुरांचे रक्षण व्हावे म्हणून गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात. वाघ या शब्दात पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोन्ही येतात. आजही या तालुक्यांत ‘वाघाने कुत्रं उचललं’ असे कोणी म्हणाले तर ते बिबट्याविषयीच असते. कुत्रे वाघाच्या तोंडी जाणे हे तेव्हाही घडे, पण ते रानाच्या कडेला घडे.

या सर्व चित्रात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती अशी की घर कधी रिकामे नसे. गावठाणातल्या जुन्या घराची रचना पाहिली तर पुढे ओटा, मग ओसरी किंवा पडवी, बाजूला गोठा आणि आत माजघर असा क्रम असतो. ओसरीवर कोणी ना कोणी बसलेले असे. शेतावर न जाणारी म्हातारी माणसे, रांगती पोरे, बाळंतीण लेक, धान्य निवडणाऱ्या बाया. दाराला कुलूप लागणे ही गावात चौकशी करण्यासारखी घटना होती. पिल्लू चार-पाच महिन्यांचे झाले की ते तेव्हाही चपला पळवत असे आणि मोटेच्या कातडी सोंडेला तोंड लावत असे, परंतु तेवढ्यात कोणी तरी ‘हाड’ म्हणे, कोणी काठी आपटे, कोणी भाकरीचा तुकडा फेकून त्याचे लक्ष वळवी, आणि पिल्लू अंगणातल्या दुसऱ्या उद्योगाला लागे. आजचे प्रशिक्षक ज्याला वेळीच अडवून योग्य वस्तूकडे वळवणे म्हणतात, ते काम ओसरीवरची आजी दिवसातून दहा वेळा करत असे, आणि तिला ते काम वाटतही नसे.

पहिला मोठा बदल पाण्याने घडवला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्प उभा राहिला आणि येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही पाच धरणे या दोन तालुक्यांच्या नद्यांवर बांधली गेली. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात तर ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याचे नाव पडले ते जुने आंबेगावच बुडाले. कालव्यांचे पाणी पोचले तसा बाजरी-मटकीचा माळ उसाखाली गेला. जुन्नरमध्ये निवृत्तीनगरला विघ्नहर आणि आंबेगावात पारगावजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने उभे राहिले. नारायणगाव परिसरात द्राक्षे आणि टोमॅटो, मंचर परिसरात तरकारी वाढली. बारमाही पाणी आले म्हणून राखण बारमाही झाली, आणि गावठाणातली कुटुंबे मळ्यात राहायला गेली. चाळीस घरांच्या आळीऐवजी दोन-तीन घरांची वस्ती, आणि वस्तीच्या तिन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस, असा नवा भूगोल तयार झाला. आळीचा कुत्रा मळ्यात येताना एकेका घराचा झाला. मालकी आली, आणि तिच्याबरोबर सोबत कमी झाली.

ऊस हा बारा ते अठरा महिने उभा राहणारा, दाट आणि पाण्याजवळचा आडोसा असल्यामुळे बिबट्याने तो रानासारखाच आपला मानला. मादी उसात विते, तोडणीच्या वेळी पिल्ले सापडतात आणि ती पुन्हा आईजवळ पोचवण्याचा खटाटोप वनखात्याला करावा लागतो. जुन्नर वनविभागात, ज्यात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात, २००१ ते २००३ या काळात माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले. त्या काळात अनेक बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने पुढे दाखवले की हे स्थलांतर उपाय ठरण्याऐवजी संघर्ष वाढवणारे ठरले. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र याच काळाचे अपत्य आहे.

कुत्र्याच्या इतिहासात याच अभ्यासकांचे दुसरे एक संशोधन अधिक महत्त्वाचे आहे. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेचे परीक्षण करून त्यांच्या आहाराचा जो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बिबट्याच्या एकूण भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव व माणसाजवळच्या प्राण्यांचा, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के इतका आढळला. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट होती, तरी शेळीचा वाटा ११ टक्केच होता. अभ्यासकांनी याचे कारण सांगितले ते साधे होते : शेळी रात्री गोठ्यात किंवा घरात घेतली जाते, कुत्रा मोकळा असतो. शेळी ही मिळकत म्हणून दाराआड, आणि कुत्रा हा त्या मिळकतीचा राखणदार म्हणून दाराबाहेर, ही शतकांची वाटणी या एका आकडेवारीत उघडी पडते. राखणदाराचे राखण करणारे कोणी नव्हते. ओट्यावर निजलेला कुत्रा पहाटे दिसेनासा व्हावा आणि मागे साखळीचा तुटका तुकडा राहावा, हे वस्त्यांवर इतक्या वेळा घडले की लोकांनी अखेर कुत्र्याला उंबरा ओलांडू दिला. कोणी पडवीला जाळी मारली, कोणी लोखंडी पिंजरा केला, कोणी सरळ स्वयंपाकघरात जागा दिली. माणसाने कुत्र्याला घरात घेतले ते येथे शहरी हौशीने नव्हे, जीव वाचवण्याच्या काळजीने, आणि या कृतीतली माया कमी लेखता येणार नाही.

साखळीविषयी येथे थोडे थांबले पाहिजे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात फार आखूड किंवा फार जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध मानला आहे, आणि त्याला जोडूनच, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही मालकाचा अपराध म्हणून स्वतंत्रपणे नोंदवला आहे. कायदा करणाऱ्यांनी कोंडलेल्या कुत्र्याची अवस्था इतक्या आधी ओळखली होती, हे आश्चर्याचे आहे. बिबट्याच्या मुलखात तर बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. म्हणून रात्रीचे बांधणे हे राखण नव्हे आणि दिवसभराचे बांधणे हा कुरतडण्यावरचा इलाज नव्हे. दोरी सुटेपर्यंत तो दोरीच कुरतडतो.

रात्रीसाठी आत आलेला कुत्रा दिवसाही आत राहू लागला त्याची कारणे वेगळी आहेत. जमिनीच्या वाटण्या झाल्या, कुटुंबे लहान झाली, तरुण माणसे चाकण आणि रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाऊ लागली, मुले शाळेच्या गाडीने नारायणगाव-मंचरला जाऊ लागली, आणि घराला दिवसा कुलूप लागणे ही नित्याची गोष्ट झाली. याच सुमारास गावठी पिल्लाच्या जागी लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पामेरियन अशी विकत आणलेली पिल्ले दिसू लागली. यांपैकी लॅब्राडोर हा मारलेले पाखरू तोंडात धरून मालकाला आणून देण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला कुत्रा आहे. अशा जातीच्या पिल्लाला आठ तास फरशीवर बसवून ठेवले तर त्याने काहीच तोंडात धरू नये ही अपेक्षा त्याच्या रक्ताशीच विसंगत ठरते.

कुरतडणे म्हणजे एकच गोष्ट नव्हे, हे समजल्याशिवाय ते थांबवता येत नाही. पहिले कारण दातांचे आहे. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, आणि पिल्लू मिळेल ते चावते. दुसरे कारण रिकामेपणाचे आहे. ज्याच्या पूर्वजांनी दिवसभर मेंढ्यांमागे पायपीट केली त्या जनावराला करण्यासारखे काही उरत नाही तेव्हा ते उशी फाडते, चपला घेते, ठिबकच्या नळीला दात लावते. चप्पल निवडण्यालाही कारण आहे, कारण घरातल्या माणसाचा वास तीत सर्वांत अधिक मुरलेला असतो. तिसरे कारण भयाचे आहे. माणूस दिसेनासा झाला की काही कुत्र्यांना घबराट सुटते, आणि पशुवैद्यक ज्याला वियोगाची चिंता म्हणतात ती ही अवस्था. तिची खूण नासधुशीच्या जागेवरून पटते : अशा कुत्र्याचे ओरखडे आणि दातांचे वण दाराच्या चौकटीवर, उंबऱ्यावर, खिडकीच्या कडेला, म्हणजे माणूस ज्या वाटेने गेला त्या वाटेवर असतात; तोंडाला लाळ सुटलेली असते, विव्हळणे चालू असते, शिकवलेला असूनही तो घरात लघवी करतो, आणि हे बहुधा माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होते. बिबट्यावर नजर ठेवण्यासाठी वस्त्यांवर कॅमेरे बसवले गेले आहेत. त्यांतला एक घराच्या आत वळवला तर कुत्रा कंटाळून कुरतडतो की घाबरून, याचा निवाडा एका दिवसात होतो. चौथा प्रकार या तालुक्यांपुरता ध्यानात घ्यावा लागतो : माणसे घरात निजलेली असतानाही रात्री कुत्रा दाराशी ओरबाडत असेल, तर ते वियोगाचे लक्षण नसते, बाहेर बिबट्याची चाहूल लागलेली असू शकते, आणि अशा वेळी दार उघडून त्याला बाहेर सोडणे धोक्याचे असते.

घरोघरी केले जाणारे उपाय बहुतेक तिखट आणि कडू चवीचे असतात. चौकटीला मिरचीचे पाणी लावणे, चपलांना कडुनिंबाचे तेल चोळणे, यांनी वस्तू काही दिवस वाचते आणि कुत्रा शेजारची वस्तू धरतो. संध्याकाळी परत आल्यावर फाटलेली गोधडी नाकासमोर धरून मारणे हा उपाय सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी आहे. कुत्रा शिक्षेचा संबंध त्या क्षणाशी जोडतो, चार तासांपूर्वीच्या कृतीशी जोडत नाही. ‘त्याला कळतं, बघा कशी मान खाली घालतो’ असे म्हटले जाते. परंतु अमेरिकी संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की तो ओशाळलेला चेहरा मालकाच्या रागावण्याला दिलेला प्रतिसाद असतो, आणि काहीही अपराध न केलेला कुत्राही रागावल्यावर तसाच दिसतो. घाबरून कुरतडणाऱ्या कुत्र्याला मार मिळाला की त्याला माणसाच्या जाण्याबरोबर माणसाच्या येण्याचीही भीती बसते, आणि दुसऱ्या दिवशी चौकट अधिक खोल कुरतडली जाते.

लागू पडणारे उपाय पाहिले तर त्यांतून जुन्या अंगणाच्या दिनक्रमाचे काही अंश परत दिलेले दिसतात. सकाळी दाराला कुलूप लावण्याआधी बांधाबांधाने अर्धा-पाऊण तास चालवून, वास घेऊ देऊन आणलेला कुत्रा पुढचे काही तास झोपतो. त्याचे सकाळचे खाणे थाळीत एकदम न वाढता कडक वाळलेल्या बाजरीच्या भाकरीचे तुकडे करून गोणपाटाच्या घड्यांत, उलट्या टोपलीखाली, पडवीच्या कोपऱ्यांत लपवले तर हुंगून शोधण्याचे आणि चघळण्याचे काम त्याला मिळते. चावण्यासाठी त्याची स्वतःची, न फुटणारी, गिळता न येणारी रबरी वस्तू असावी आणि ती माणूस जातानाच हाती पडावी, म्हणजे जाण्याची वेळ ही काही मिळण्याची वेळ होते. दात येणाऱ्या पिल्लाला ती थंड करून दिली तर हिरड्यांना आराम पडतो. वावर एका खोलीपुरता किंवा जाळीच्या पडवीपुरता ठेवून चपला, वायरी आणि पांघरुणे आवाक्याबाहेर नेणे हे तर कोणत्याही शिकवणीपेक्षा आधी करायचे काम आहे.

घबराट असलेल्या कुत्र्याला मात्र यापेक्षा संथ वाटेने न्यावे लागते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवले की अन्नाच्या आधी येणारी खूणच कुत्र्याच्या शरीरात अन्नाची प्रतिक्रिया उठवू लागते. त्याच न्यायाने किल्ल्यांचा आवाज, मोटारसायकलचे हेल्मेट, पायात सरकवलेली चप्पल या खुणांनीच वियोगाची धडधड सुरू होते. म्हणून किल्ल्या उचलून पुन्हा ठेवणे, चप्पल घालून घरातच बसणे, दाराबाहेर अर्धा मिनिट उभे राहून शांतपणे परत येणे, आणि कुत्रा घाबरण्याच्या आतच परतायचे हा नियम पाळून तो अवधी दिवसागणिक वाढवत नेणे, अशी ही पद्धत आहे. तिला आठवडे लागतात, क्वचित महिने. या काळात लांबच्या गैरहजेरीसाठी शेजारच्या वस्तीवर किंवा म्हाताऱ्या नातलगांकडे कुत्रा ठेवण्याची सोय करावी लागते. एकत्र कुटुंब मोडल्यानंतरही भावकी शेजारच्या मळ्यातच असते, हा या तालुक्यांचा शहरापेक्षा मोठा आधार आहे. दुसरा कुत्रा आणून ठेवल्याने प्रश्न सुटतोच असे नाही, कारण घाबरणाऱ्या कुत्र्याची ओढ बहुधा माणसाकडे असते. घबराट तीव्र असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधेही दिली जातात. क्लोमिप्रामिन या औषधाला १९९८ मध्ये अमेरिकेत याच विकारासाठी मान्यता मिळाली, मात्र सरावाशिवाय नुसत्या औषधाने काम भागत नाही.

या भागात कुरतडणाऱ्या कुत्र्यापुढे चुकून येणाऱ्या काही वस्तू जिवावर बेततात, म्हणून त्यांचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात, ही गोष्ट पशुवैद्यकांच्या ध्यानात एकविसाव्या शतकाच्या आरंभीच आली, आणि नारायणगावच्या द्राक्षपट्ट्यात क्रेटमधली गळ पडवीतच पडलेली असते. कांदा त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी मोडतो, आणि ओतूर-आळेफाटा परिसरात कांद्याची साठवण घराला लागूनच असते. शिजवलेल्या कोंबडीचे हाड दातांखाली टोकदार फुटते आणि आतडे फाडू शकते. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या आणि शेतपंपाच्या वायरी यांविषयी तर अधिक सांगण्याचीही गरज नाही.

२०२५ च्या अखेरीस आंबेगावच्या सीमेवरील पिंपरखेड या शिरूर तालुक्यातील गावात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, आणि त्यानंतर तेथील लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागले. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या असलेली वस्तू माणसांनी आपल्या गळ्यात घातली. त्या पट्ट्यामागची भीती कुत्र्याने फार आधीपासून ओळखलेली होती.

त्याच हंगामात या दोन्ही तालुक्यांत ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, आणि उसाच्या वाळल्या पाचटाच्या व बांबूंच्या कोप्या फडाजवळ उभ्या राहतात. टोळीबरोबर गावाहून आलेला कुत्रा पहाटे कोयत्यांमागे फडात जातो, दुपारी बैलगाडीच्या सावलीत पडतो आणि रात्री कोपीच्या तोंडाशी निजतो. त्या कोपीला चौकट नसते आणि कडीही नसते. बिबट्या आला तर मध्ये आड काही नसते, म्हणून लहान मुलांना मध्ये घेऊन माणसे दाटीवाटीने झोपतात आणि थंडीच्या रात्री कुत्राही सरकत सरकत त्यांच्या पायांशी येतो.